स्टेपनीच्या हवेवरचं सरबत

१

पहाट मंडळाच्या नव्वदाव्या वाढदिवशी सभागृहापुढचा झेंड्याचा खांब आडवा झाला, आणि तो पाडला खुद्द मंडळाच्या अध्यक्षांनी.

सप्टेंबरमधला उबदार रविवार होता. स्वीडनच्या त्या कोपऱ्यात असा रविवार मिळाला की माणूस घरात थांबत नाही, त्यामुळे झाडून सगळं ग्रानबो गाव हिरवळीवर जमलं होतं. टेबलांवर कॉफीचे थर्मास होते, दालचिनीचे पाव होते, बिस्किटांच्या सात थाळ्या होत्या. ज्या मंडळाची सगळी पत दारूला न शिवण्यावर उभी, त्याच्या समारंभात कॉफीपेक्षा कडक काही मिळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी लोक येतात, कारण पाव फार चांगले असतात. गुनेल आस्पही आली होती. ती गावची पोलीस, पण त्या दिवशी सुट्टीवर होती आणि फुलाफुलांच्या झग्यात होती.

तेवढ्यात चढावरून बुडबुडा आला. मंडळाचे अध्यक्ष अल्गोतकाका, त्यांच्या त्या गोल पाठीच्या हिरव्या जर्मन गाडीला सगळं गाव बुडबुडाच म्हणायचं. लोकांनी हात हलवले. काकांनीही आतून हात हलवला, जरा जास्तच वेळ हलवला, आणि गाडी वळणाला वळलीच नाही. सरळ हिरवळीवर चढली, खांबाला भिडली आणि थांबली. खांब सावकाश, अगदी सभ्यपणे, बिस्किटांच्या टेबलावर आडवा झाला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

गुनेल धावत गेली. तिनं दार उघडलं आणि तिचा पाय जागीच थबकला. काकांच्या पांढऱ्या शर्टावर जांभळे डाग होते, ते गालातल्या गालात हसत होते, आणि त्यांच्या तोंडाला वास येत होता. पोलिसातली इतकी वर्षं काही तिनं झक मारत काढली नव्हती. हा वास तिला अचूक कळत होता.

"काका," ती हळूच म्हणाली, "काय प्यायलात?"

"सरबत," एक्क्याऐंशी वर्षांचे अल्गोतकाका म्हणाले. "आपल्या नळाचं. हिल्मानं भरून ठेवलं होतं ना."

हिल्माकाकू, काकांची बायको, गेल्या जानेवारीतच वारल्या होत्या.

२

गुनेलनंच फोन करून ड्यूटीवरची गाडी बोलावली. दुसरं करणार काय? मशीनमध्ये फुंकल्यावर आकडा आला तो दारुड्याच्या मानानं काहीच नव्हता, पण इथला कायदा पेलाभर बिअरवरही गाडी चालवू देत नाही. काकांचं लायसन्स तिथल्या तिथे काढून घेतलं. बाकी काम मंडळ आणि मुलगा मिळून करणार होते. गुरुवारच्या सभेत काकांचं नाव मंडळातून वगळायचं होतं, आणि शुक्रवारी मुलगा तोर्ग्नी त्यांना वृद्धाश्रमात नेऊन सोडणार होता. तिथली एक खोली त्यानं कधीचीच बोलून ठेवली होती.

सोमवारी सकाळी गुनेल काकांच्या स्वयंपाकघरात बसली होती. हिल्माकाकूंच्या जागी कुणी बसत नव्हतं. त्या खुर्चीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. काकांनी कॉफी ओतली. हात थरथरत नव्हता. गुनेल ते मुद्दाम बघत होती, आणि बघतेय याची तिला लाजही वाटत होती.

"मला पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली.

"सांगण्यासारखं काय आहे पोरी? गाडी काढली. तळ्याच्या वळणावर थांबलो, हिल्माला तिथे थांबायला आवडायचं. सवयीनं नळाला हात गेला. आणि सरबत आलं की गं. चांगलं जोरात आलं, तोंडावरच उडालं. लगेच पत्र्याचा मग भरून घेतला. तीनदा घेतला."

"चव कशी होती?"

"ब्लॅककरंटच. आपल्या झुडपांचं. जरा चावरं होतं, जिभेवर फसफसत होतं. मला वाटलं ऊन लागलं असेल त्याला." ते थोडे थांबले. "आणि इतकं बरं वाटलं. डोकं हलकं झालं. म्हटलं, बऱ्याच महिन्यांनी आनंद झालाय, आनंद असाच असायचा बहुतेक, आपण विसरलो."

गुनेलनं कॉफीत साखर घालून ढवळली.

"तोर्ग्नी म्हणतो नळ बंद आहे," काका म्हणाले. "त्यानंच वसंतात बंद केला म्हणतो. टाकी रिकामी होती म्हणतो. तुमच्या त्या पोलीस पोरानं काल नळ फिरवून बघितला, थेंब आला नाही. मग मी काय प्यायलो? माझे बाबा प्यायचे गुनेल. आईनं काय सोसलं ते मी बघितलंय. एकोणिसाव्या वर्षी शपथ घेतली, त्याच्या आधीही कधी शिवलो नव्हतो. आता जर मी कुठूनतरी बाटली आणून प्यायलो असेन, आणि मला ते आठवतही नसेल, तर माझ्यातलं शिल्लक काय राहिलं? मग तोर्ग्नीचं बरोबर आहे. खोलीत जाऊन बसतो."

"तसं नसेल काका."

"असेल तर तसं सांग. मला गोंजारू नकोस. पण खरं काय ते गुरुवारच्या आत शोधून काढ."

निघताना ती परसातून गेली. हिल्माकाकूंची ब्लॅककरंटची झुडपं एका रांगेत उभी होती आणि त्यांच्यावर औषधालासुद्धा फळ नव्हतं.

"पाखरांनी खाल्ली यंदा," दारातून काका म्हणाले. "मला काही तोडवेनात."

३

त्या नळाची गोष्ट ग्रानबोतल्या पन्नाशीच्या कुणालाही विचारावी. डोळे लकाकतात.

बुडबुड्याचं इंजिन मागे. पुढच्या झाकणाखाली स्टेपनी आणि तिच्याशेजारी काच धुवायच्या पाण्याची लहानशी टाकी. पाणी काचेवर उडवायला त्या गाडीला मोटरच नव्हती. स्टेपनीतली हवा एका नळीतून टाकीत यायची आणि ती पाणी ढकलायची. आता इथल्या थंडीत त्या पाण्यात स्पिरिट घालावं लागतं, नाहीतर ते गोठतं. सगळा देश घालतो. पण अल्गोतकाका पडले पहाट मंडळाचे. दारूच्या जातीचं काहीही, भले ते काच धुवायचं असो, त्यांच्या गाडीत चढणार नव्हतं. मग टाकीचा उपयोग काय? त्यांनी नवीकोरी टाकी आणली, काचेकडे जाणारी नळी काढून आत घेतली आणि डॅशबोर्डखाली पितळेचा एक छोटा नळ बसवला. हिल्माकाकू टाकीत ब्लॅककरंटचं सरबत भरायच्या. मंडळाच्या बालशाखेची पोरं गाडीत कोंबून काका तळ्यावर न्यायचे, आणि वाटेत प्रत्येकाला पत्र्याच्या मगातून सरबत मिळायचं. काच मात्र काका दर रविवारी फडक्यानं पुसायचे.

गुनेल त्या पोरांतलीच. तापलेल्या सीटचा वास, मांडीला चिकटणारं रेक्झिन, शेजारी तोर्ग्नीचं टोकदार कोपर. नळाची धार सुतासारखी बारीक यायची आणि एक मग भरेपर्यंत मागच्यांचा जीव कासावीस व्हायचा. जगात यापेक्षा भारी गाडी असेल असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं.

तोर्ग्नी आता गॅरेजमध्ये त्याच गाडीचा चेपलेला बंपर बघत उभा होता.

"तू नळ बंद का केलास?" गुनेलनं विचारलं.

"स्टेपनी बसायची ना सारखी. म्हातारा एकटा फिरतो, पंक्चर झालं आणि स्टेपनीही बसलेली निघाली तर काय करायचं? म्हणून एप्रिलमध्ये नळी स्टेपनीवरून काढली आणि नळीच्या तोंडात रबरी बूच ठोकलं. हे बघ."

तिनं बघितलं. बूच घट्ट होतं, वर तारेचे वेढे होते. धूळ बसलेली होती, कुणी हात लावलेला नव्हता.

"टाकी?"

"घासून धुतली, झाकण लावलं, संपलं. आईच्या हातचं शेवटचं सरबत होतं तळाशी. ते ओतताना..." त्यानं मान वळवली. "जाऊ दे."

"तुला त्यांना आश्रमात टाकायची घाईच झाली होती, नाही का?"

"टाकायची म्हणू नकोस. दोनदा शेगडी चालू ठेवून झोपले ते. तू येतेस का रात्री शेगड्या बघायला? आणि आता हे. मेलेल्या बायकोनं भरलेलं सरबत प्यायलो म्हणतात. हवा नाही, टाकीत थेंब नाही, आणि म्हणे तोंडावर उडालं. गुनेल, मला काय हौस आहे का?"

गुनेलनं गाडीत डोकावून वर पाहिलं. चालकाच्या डोक्यावरच्या पांढरट छतावर जांभळे शिंतोडे होते.

"आपल्याच लहानपणचे असतील," तोर्ग्नी म्हणाला.

तिनं टाकीचं झाकण फिरवलं, नाक जवळ नेलं, तळाशी बघितलं आणि तशीच वाकून राहिली.

४

रागनहिल्डबाई मंडळाच्या उपाध्यक्षा. गेली वीस वर्षं उपाध्यक्षाच, आणि हे त्या कुणाला विसरू देत नसत.

"मला आनंद झालाय असं वाटतंय ना तुला?" त्यांनी दार उघडताच विचारलं. "ये आत. पाय पूस."

"तुम्ही सरबत करता ना रागनहिल्डबाई?"

"करते. जूनमधल्या, मधल्या उन्हाळ्याच्या सणाला मुलांना मीच दिलं. तो नळ तर बंदच होता, पोरं बिचारी हिरमुसली. अल्गोत नळाकडे बघत बसला होता. मला बघवलं नाही, म्हणून बाटल्या आणल्या."

"त्यातलं काही उरलं होतं? त्यांना दिलंत?"

बाईंनी तळघरातून एक बाटली आणून टेबलावर आपटली. "घे, तपास. गेल्या वर्षीचं आहे. टिकवायची पावडर घातल्याशिवाय माझ्या घरात बाटलीला बूच लागत नाही. दहा वर्षं ठेव, जसंच्या तसं. हिल्मा असंच करायची, तिनंच मला शिकवलं."

गुनेलनं बूच काढून हुंगलं. गोड, स्वच्छ, लहानपणासारखा वास होता. टाकीत आला तो वास हा नव्हता. टाकीत आंबलेल्या कणकेचा वास होता.

"नाव वगळायचंच आहे का?" तिनं विचारलं.

"नियम आहे. शपथ मोडली की नाव जातं." बाईंनी बाटलीला पुन्हा बूच लावलं. "तू मला खाष्ट समजतेस. समज. मला ती खुर्ची हवी होती, नाही म्हणत नाही. पण ती अशी हवी होती का? अल्गोतनं माझ्या नवऱ्याला बाटलीतून ओढून काढलं, रोज संध्याकाळी येऊन बसायचा. आता मीच त्याच्या नावावर काट मारू? त्या सिक्स्टेनला जाऊन विचार. गावात दारू कुठून येते ते तुम्हा पोलिसांना सोडून सगळ्यांना माहीत आहे."

५

सिक्स्टेन अल्गोतकाकांचा सख्खा शेजारी. मध्ये फक्त एक कुंपण, आणि ते निळ्या नायलॉनच्या दोरीनं ठिकठिकाणी बांधलेलं. त्याच्या मागच्या शेडमध्ये हातभट्टी होती हे गुनेलला माहीत नाही असं गुनेलनं बरीच वर्षं ठरवलं होतं. दोघा म्हाताऱ्यांचं पन्नास वर्षं एकच भांडण. सिक्स्टेन म्हणायचा, एक दिवस तुला पाजणार. अल्गोत म्हणायचे, एक दिवस तुझी सोडवणार. आणि मग दोघं मिळून मासे धरायला जायचे.

आज सिक्स्टेन पायरीवर बसला होता. दाढी वाढलेली. तिला बघून उठला नाही.

"आलीस का. मला वाटलंच," तो म्हणाला. "सगळं गाव आधी माझ्याकडेच बघणार."

"सिक्स्टेनकाका, एक दिवस पाजणार म्हणत होतात."

"म्हणत होतो. गंमत होती ती. गमतीला मुद्दल लागतं, ते मुद्दल म्हणजे तो कधी पिणार नाही हे. तो प्यायला तर माझी गंमत कसली राहिली?"

"तुम्ही त्यांच्या गाडीत दारू घातलीत का?"

"नाही. माझ्या हातून त्याच्या गाडीत दारूचा एक थेंब गेलेला नाही. कशावरही हात ठेवून सांगतो."

तो तिच्या डोळ्यांत बघून बोलला. गुनेलनं खोटं बोलणारे पुष्कळ बघितले होते. हा खरं बोलत होता. तरी घाबरलेला होता, आणि खरं बोलणाऱ्यानं इतकं घाबरायचं काही कारण तिला दिसेना.

"काका म्हणतात, सरबत जोरात आलं, तोंडावर उडालं."

"उडालं?" सिक्स्टेन पुटपुटला. मग उठून घरात गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

६

बुधवारी दुपारी गुनेल एकटीच बुडबुड्यात जाऊन बसली. पुढे नाही, मागच्या सीटवर, आपल्या जुन्या जागेवर. गुडघे आता पुढच्या सीटला टेकत होते. तोर्ग्नीचं ते कोपर आठवलं, हिल्माकाकूंच्या रुमालाची पाठमोरी गाठ आठवली, आणि तिला एकदम भरून आलं. कुणी बघत नव्हतं म्हणून तिनं ते येऊ दिलं.

डोळे पुसून वर पाहिलं तर ते शिंतोडे.

आपल्याच लहानपणचे, तोर्ग्नी म्हणाला होता. पण लहानपणी तर धार सुतासारखी यायची. एक मग भरायला अर्धा रस्ता लागायचा. स्टेपनी कितीही फुगवली तरी त्या नळानं कधी छतापर्यंत सरबत उडवलं नव्हतं. उडवलं असतं तर पोरांनी ते जन्मभर सांगितलं असतं.

म्हणजे शिंतोडे नवे. म्हणजे काकांच्या तोंडावर सरबत खरंच उडालं होतं. काका खरं बोलत होते, आणि खरं बोलत होते म्हणूनच सगळ्यांना वेडे वाटले होते.

पण मग जोर कुठून आला? स्टेपनीची नळी एप्रिलपासून बूच ठोकून बंद होती. हवा बाहेरून आली नव्हती, तर ती टाकीतच तयार झाली असली पाहिजे. बंद टाकी, उन्हात उभी गाडी आणि आत असं काहीतरी, जे स्वतःच फुगतं. तिला आईच्या स्वयंपाकघरातलं फडक्याखाली फुगणारं पीठ आठवलं. टाकीतला वास तोच होता. तोर्ग्नीनं एप्रिलमध्ये घासून धुतलेल्या टाकीच्या तळाशी जांभळट गाळ बसला होता, म्हणजे त्यानंतर कुणीतरी ती भरली होती.

आतल्या आत सरबत आंबलं होतं. त्याची दारू झाली होती, आणि आंबताना सुटलेल्या वायूनं ती नळातून सपकन बाहेर फेकली होती. तीन मग आणि शिंतोडे, टाकी संपली. म्हणून पोलिसांना थेंब मिळाला नाही.

आणि गावात दुसऱ्या कुणीही पहिल्या घोटाला ओळखलं असतं की ही वाइन आहे. थुंकलं असतं, नाहीतर आणखी मागितलं असतं. ते सरबत समजून शांतपणे तीन मग पिणारा माणूस ग्रानबोत एकच होता, कारण दारू कशी लागते हे त्याला जन्मात कळलेलं नव्हतं. चावरं होतं म्हणाले, ऊन लागलं असेल म्हणाले.

राहिला एकच प्रश्न. भरलं कुणी?

रागनहिल्डबाईंच्या सरबतात पावडर, ते दहा वर्षं आंबणार नाही. तोर्ग्नी आईचं शेवटचं सरबत ओतताना रडलेला, तो भरणार नाही. गुनेल गाडीतून उतरून परसात गेली. झुडपं रिकामी होती, पण पाखरं खातात तशी नाही. पाखरं उष्टं टाकतात, अर्धी फळं खाली सांडतात, वरच्या फांद्या ओरबाडतात आणि आतली राहू देतात. इथे आतली फळंसुद्धा देठासकट नीट खुडलेली होती. आणि ओझ्यानं वाकलेल्या फांद्या कुणीतरी उचलून काठीला बांधल्या होत्या.

गाठीला निळी नायलॉनची दोरी होती.

७

"ऑगस्टमध्ये फळं गळायला लागली," सिक्स्टेन म्हणाला. तो शेडच्या दारात उभा होता, गुनेल समोर. "अल्गोत त्या बाजूला फिरकतही नव्हता. हिल्मा दर वर्षी मला एक बाटली द्यायची, तू पी मेल्या, कधीतरी माणसासारखं काही पी, म्हणायची. मला ती फळं कुजताना बघवेना. तो तळ्यावर गेला की मी खुडायचो. सरबत केलं, तिच्यासारखं पाणी घालून पातळ केलं आणि त्याच्या टाकीत भरलं. मंडळाच्या वाढदिवसाला जाताना तो नळाला हात लावणार हे मला माहीत होतं. हवा नाही हे दिसलं होतं मला, पण नळ टाकीच्या खाली आहे, चार थेंब तरी आपोआप येतील म्हटलं. तेवढेच त्याला पुरले असते."

"आणि टिकवायची पावडर?"

"मला काय माहीत पावडर? मी आयुष्यात कधी न आंबणारं काही केलंय का?" त्यानं शेडकडे पाहिलं. "नरसाळं माझं, कळशी माझी. चाळीस वर्षांचं यीस्ट बसलंय त्यांच्यावर. धुतली होती मी, पण ते काय धुऊन जातं? जन्मात एकदा बिनदारूची वस्तू करायला गेलो आणि तीही दारूच झाली."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुझी बासष्ट वर्षांची शपथ मी मोडली म्हणून सांगू? मला वाटलं, त्याला वाटू दे दुसऱ्या कुणी केलं." त्याचा आवाज चिरकला. "त्याला आपलं डोकंच फिरलंय असं वाटतंय हे मला ठाऊक नव्हतं गं. ते मला कुणी सांगितलं नाही."

"उद्या सभेत सांगा."

"नरसाळ्याचं सांगावं लागेल. तुझ्यासमोर."

"लागेल," गुनेल म्हणाली. "आणि शुक्रवारी सकाळी मला या शेडची झडती घ्यायला यावं लागेल. शुक्रवारी. त्याच्या आधी मला वेळ नाही."

सिक्स्टेननं शेडचं दार ओढून लावलं. "हिल्मा तुला दोन मग द्यायची," तो म्हणाला, "सगळ्यांना एक आणि तुला दोन. उगाच नाही."

गुरुवारी सभागृह भरलं होतं. सिक्स्टेननं पन्नास वर्षांत त्या सभागृहाचा उंबरा ओलांडला नव्हता. तो आला तेव्हा त्याच्यासाठी माणसं आपोआप बाजूला झाली. त्यानं हातात टोपी धरून सगळं सांगितलं, फळांपासून नरसाळ्यापर्यंत, एकही गोष्ट न गाळता. कुणीतरी मागे खुदकन हसलं आणि रागनहिल्डबाईंनी नुसतं बघितल्यावर थांबलं.

अल्गोतकाका पहिल्या रांगेत होते. त्यांनी सिक्स्टेनकडे पाहिलं नाही. त्यांनी गुनेलकडे पाहिलं.

"म्हणजे सरबत होतं?"

"होतं काका."

"आणि तोंडावर उडालं होतं?"

"उडालं होतं. तुम्ही सांगितलंत तसंच, शब्दन् शब्द. नकळत प्यायलात, त्याला कायदा गुन्हा धरत नाही. सरकारी वकिलांशी बोलले मी, लायसन्स परत येईल."

म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो लहान पोरासारखा रडला. तोर्ग्नी भिंतीला टेकून उभा होता, तो जवळ आला, पण त्याला हात कुठे ठेवावा कळेना. शेवटी सिक्स्टेननंच काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काकांनी तो झटकला नाही.

"म्हणजे आता मत घ्यायला नको," रागनहिल्डबाई म्हणाल्या. "विषय संपला."

"नाही संपला," अल्गोतकाका उठले. "कळत असो नाहीतर नकळत, पोटात गेली ती गेली. नियम मीच तुम्हाला शिकवलाय. माझं नाव खोडा आणि मला नवा सभासद म्हणून घ्या."

"अल्गोत, कशाला उगाच."

"खोडा म्हणतो ना."

मंडळानं नाव खोडलं. मग बाईंनी नव्या सभासदासाठी शपथेचं कार्ड पुढे केलं. ती शपथ लांबलचक, जुन्या वळणाची. तरणी पोरंही ती कार्डावरून वाचताना दोनदा अडखळतात. काकांनी कार्ड हातात घेतलं नाही. हात मागे बांधले, समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि सुरुवात केली. आपल्या नावापासून. मग आईवडिलांची नावं, मग वचन, मग त्या वचनाची एकेक कलमं, कुठे थांबायचं तिथे थांबून, कुठे आवाज उतरवायचा तिथे उतरवून. एकही शब्द मागेपुढे झाला नाही. रागनहिल्डबाई कार्डावर बोट ठेवून बघत होत्या. अर्ध्यावर त्यांनी कार्ड मिटलं.

गुनेलनं तोर्ग्नीकडे पाहिलं. तो बापाच्या तोंडाकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते, पण तिसऱ्या कलमाशी त्याची गाडी अडली. काकांची नाही अडली.

शपथ संपली तसा तोर्ग्नी मागच्या दारानं बाहेर पडला. गुनेल त्याच्यामागे गेली. तो ओसरीतल्या फोनपाशी उभा होता, नंबर आधीच फिरवून झाला होता.

"हो, उद्याची खोली," तो फोनवर सांगत होता. "नाही, येत नाहीत ते. दुसऱ्या कुणाला द्या." मग तिकडून कुणीतरी कारण विचारलं असावं, कारण तो जरा थांबला आणि त्यानं बाहीनं नाक पुसलं. "कारण असं काही नाही. चूक माझी झाली. त्यांना सगळं आठवतंय."